जोहारपासून जयभीमपर्यंत : आपल्या गाण्यांचा इतिहास



स्मरणिका समितीच्या तरुण मुलांनी माझ्यावर काम सोपवले होते ते आपल्या वस्तीचा इतिहास लिहिण्याचे. मी हो म्हणालो आणि फसलो. दोन महिने कागद शोधत फिरलो. शाळेचे जुने दाखले मिळाले, दोन-चार जमिनीचे उतारे मिळाले, मयताच्या नोंदी मिळाल्या. त्यात नाव आहे, साल आहे, जात तर हमखास आहे. पण आपली माणसे पाणी कुठून आणत होती, मेलेले ढोर कोण ओढत होते, चहा कुठल्या फुटक्या कपातून पीत होते, हे एकाही कागदावर नाही. दप्तराच्या हिशेबाने असे काही घडलेच नाही!

मग मी म्हाताऱ्या माणसांकडे गेलो. तिथेही साल-तारीख मिळेना. पंच्याऐंशी वर्षांच्या एका आजींना विचारले, "बाय, तुम्ही ढोरं ओढायचं सोडलंत ते कोणत्या साली?" आजी गप्प. थोड्या वेळाने हसल्या आणि एकापाठोपाठ एक अशी तीन गाणी म्हणाल्या. कुणी काय सोडले, का सोडले, गावाने मग काय केले, सगळे त्या गाण्यांत होते. फक्त साल नव्हते.

तेव्हा ठरवले की वस्तीचा इतिहास पुढे कधीतरी लिहू, आता गाण्यांचाच लिहावा. ज्यांना पाटी-पेन्सिल मिळू दिली नाही त्यांनी आपली कहाणी ठेवायची कुठे? गळ्यात ठेवली.

मी काही साहित्यिक नाही. शिक्षण दहावी नापास. कागदाच्या मिलमध्ये तीस वर्षांवर काम झाले. आमच्याकडे कागद बनतो तो रद्दीपासून. ट्रक भरून गठ्ठे येतात, पल्परमध्ये पडतात, त्यांचा लगदा होतो. वाचायचा नाद मला त्या गठ्ठ्यांनी लावला. गठ्ठा फोडताना पुस्तक दिसले की मी ते बाजूला काढायचा. पहिले पान नसलेली, शेवट नसलेली अशी कितीतरी पुस्तके तिसऱ्या पाळीत वाचली. त्यातच एकदा मराठी मासिकाची काही पाने मिळाली. लेख अमेरिकेतल्या निग्रोंच्या कवितेवर होता. (त्या काळी हाच शब्द वापरीत. आता कृष्णवर्णीय म्हणतात.) लेखकाचे नाव फाटलेल्या भागात गेले होते. तो लेख मी सात-आठ वेळा वाचला असेन. वाचताना सारखी माझी आजी आठवत होती. साता समुद्रापलीकडच्या माणसांबद्दलचा लेख, आणि आठवते कोण, तर बोरघाट उतरून साजगावात नांदायला आलेली माझी आजी! असे का व्हावे, याचा विचार मी तेव्हापासून करतो आहे. हा लेख म्हणजे तोच विचार.

आजीचे माहेर घाटावर, मावळातले. गावाचे नाव लिहीत नाही. तिथे तिच्या लहानपणी आपल्या लोकांना पाणी वरून वाढत. घागर खाली ठेवायची, लांब उभे राहायचे आणि कुणाला दया येईपर्यंत थांबायचे. ती हे कधी रडून सांगत नसे. पण पहाटे जात्यावर बसली की त्याच घागरीची ओवी व्हायची. तिच्या ओव्यांत चोखोबा यायचा, पंढरी यायची आणि लगोलग भीमराया यायचा. तिला त्यात काही विसंगती वाटत नव्हती. आपल्या साजगावच्या विठोबाला धाकटी पंढरी म्हणतात. कार्तिकी एकादशीला यात्रा भरते, सुक्या मासळीचा बाजार लागतो. आजी बोंबील, सुकट घ्यायला जायची आणि येताना चोखोबाचे काहीतरी गुणगुणत यायची.

आता चोखोबांकडे वळू. संत चोखामेळा चौदाव्या शतकातले, मंगळवेढ्याचे. १३३८ साली मंगळवेढ्याच्या गावकुसाची भिंत बांधण्याच्या कामावर त्यांना जुंपले होते. ती भिंत कोसळली आणि त्याखाली दबून त्यांचा अंत झाला. संत नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला आणल्या असे परंपरा सांगते. समाधी आहे महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ. म्हणजे मेल्यावरही दाराच्या बाहेरच! पंढरपूरचे ते दार आपल्यासाठी उघडायला १९४७ साल उजाडावे लागले आणि त्यासाठी साने गुरुजींना मे महिन्यात प्राणांतिक उपोषण करावे लागले. चोखोबांना जाऊन तेव्हा सहाशे नऊ वर्षे झाली होती.

चोखोबांच्या अभंगांत 'जोहार' नावाचा एक प्रकार आहे. जोहार म्हणजे महाराने गावच्या पाटलाला, देशमुखाला करायचा नमस्कार. मायबाप म्हणायचे, वाकायचे आणि आपण कोणाचे चाकर ते सांगायचे. चोखोबांनी हाच जोहार देवाला घातला. वरवर पाहिले तर लाचारी दिसते. मलाही तशीच दिसली होती. पण नीट बघा. रोजच्या अपमानाचा जो शब्द होता तोच त्यांनी अभंगात आणला आणि ज्या दारात उभे राहू देत नव्हते त्याच दारात तो ऐकवला. सोयराबाई त्यांच्या पत्नी. त्यांनी तर विटाळाचाच हिशेब मांडला. विटाळ देहात असेल तर त्यावाचून जन्मलेला देह दाखवा, असा त्यांच्या अभंगाचा भाव आहे. मुलगा कर्ममेळा बापापेक्षा तापट. असा जन्म दिलास कशाला, म्हणून तो सरळ देवाला जाब विचारतो. एकाच घरात बाप विनवतो, आई वाद घालते, मुलगा भांडतो. पुढच्या सहाशे वर्षांत आपल्या कवितेने जे केले त्याचे बीज त्या एका झोपडीत दिसते.

पण तिघेही बोलतात ते देवाशी. ऐकणारा वर आहे, आत आहे आणि दार बंद आहे. कविता वाचताना मी आता पहिली गोष्ट हीच बघतो, की हा माणूस कोणाशी बोलतो आहे? देवाशी, मालकाशी, आपल्याच माणसाशी, की सगळ्या जगाशी? गुलामीत जगणारा माणूस कुठवर आला आहे हे त्यावरून कळते.

आता अमेरिकेकडे जाऊ. तिथे वाट महात्मा फुल्यांनीच दाखवली आहे. १८७३ साली त्यांनी 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी निग्रोंना दास्यातून सोडवले. पुण्यात बसून, दीडशे वर्षांपूर्वी! आपले दुःख एकट्याचे नाही हे जोतीरावांना तेव्हाच उमजले होते. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. पुढे १९४६ साली त्यांनी तिथले थोर विद्वान डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिले. कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे जो अर्ज केला होता त्याच्या प्रती मागितल्या आणि दोघांच्या परिस्थितीत केवढे साम्य आहे ते कळवले. डुबॉइस यांचे उत्तरही आले.

इथे एक खुलासा केला पाहिजे, नाहीतर कोणी म्हणेल की काका वंश आणि जात यांची खिचडी करतात. जात म्हणजे वंश नव्हे. बाबासाहेबांनी 'द अनटचेबल्स' या १९४८ च्या ग्रंथात डोक्या-नाकाची मापे तपासून दाखवले की ब्राह्मण आणि अस्पृश्य हे निराळ्या वंशाचे नाहीत. आणि कातडीच्या रंगावरून गुलाम ठरतो म्हणावे, तर आपल्याच जिल्ह्यात मुरुड-जंजिऱ्याला आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींचे राज्य १९४८ पर्यंत होते. तिथे आफ्रिकेतून आलेला माणूस नवाब होता. म्हणजे रंग काय, जात काय, ही निमित्ते. माणसाला खाली दाबायचे ठरले की कारण शोधता येते. निमित्ते वेगळी असली तरी दाबलेला माणूस कण्हतो सारखाच. म्हणून गाणी जुळतात.

कृष्णवर्णीयांना आफ्रिकेतून जहाजात कोंबून नेले आणि कापसाच्या, तंबाखूच्या मळ्यांवर राबवले. दक्षिणेतल्या अनेक राज्यांत गुलामाला लिहायला शिकवणे हा गुन्हा होता. मग तेही गळ्याकडेच वळले. शेतात काम करताना ते बायबलातली गाणी म्हणत. नदीपल्याडचा देश, तिथे नेणारा रथ असे त्यात असे. मालकाला वाटे, गडी स्वर्गाचे गाणे म्हणतो, धार्मिक आहे, बरे आहे. अभ्यासक सांगतात की कित्येक गाणाऱ्यांच्या मनात ती नदी म्हणजे ओहायो असे, जी ओलांडली की गुलामी नसलेला मुलूख लागे. एकाच गाण्यात मालकासाठी एक अर्थ आणि आपल्या माणसासाठी दुसरा. फ्रेडरिक डग्लस स्वतः गुलाम होते, पळून मोकळे झाले. त्यांनी १८४५ च्या आपल्या आत्मकथनात लिहिले आहे की गुलाम गातात म्हणून ते सुखी आहेत असे समजणारे लोक पाहून आपल्याला नवल वाटते. गुलाम सर्वांत जास्त गातो तो सर्वांत दुःखी असताना. हे वाचले तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते, मशीन चालू होते आणि मला आजीचे जाते ऐकू येत होते.

आणखी एका बाईचे सांगतो, कारण ती गोष्ट मुलींनी ऐकली पाहिजे. १७६१ साली सात-आठ वर्षांची एक मुलगी बोस्टनच्या बंदरात विकली गेली. ज्या जहाजातून आणली त्याचे नाव फिलिस, म्हणून तिचे नाव फिलिस. घेणाऱ्याचे आडनाव व्हीटली, म्हणून ती फिलिस व्हीटली. आईबापांनी ठेवलेले नाव कायमचे गेले. त्या घरात ती वाचायला शिकली, कविता करू लागली. पुस्तक छापायची वेळ आली तेव्हा कोणी विश्वास ठेवीना. शेवटी गव्हर्नर धरून बोस्टनच्या अठरा प्रतिष्ठित पुरुषांनी सही करून दाखला दिला की या कविता खरोखर हिनेच लिहिल्या आहेत. तेव्हा कुठे १७७३ साली लंडनमध्ये पुस्तक निघाले. कवितेला जातीचा दाखला! आपल्या मुलाला वर्गात चांगले मार्क पडले की "कॉपी केली का रे?" असे विचारणारे भेटतात, त्यांची पिढी फार जुनी आहे.

परत महाराष्ट्रात येऊ. २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतले. आपलाच जिल्हा, तेव्हा त्याला कुलाबा म्हणत. मेलेल्या ढोराचे मांस सोडा, गावकीची हलकी कामे सोडा, मुलांना शिकवा, हा संदेश तिथून निघाला. पण गावोगाव तो पोचवणार कोण? वर्तमानपत्र वाचणारा शंभरात एखादा. इथे पुढे आले आंबेडकरी जलसे. सत्यशोधकांचे जलसे आधी होतेच. १९३० नंतर भीमराव कर्डक यांच्यासारख्या शाहिरांनी आपल्या चळवळीचे जलसे उभे केले. ढोलकी, तुणतुणे, झांज आणि एक गॅसबत्ती एवढे साहित्य. तमाशाचा साचा घेतला आणि आतला माल बदलला. देवाच्या स्तवनाच्या जागी भीमाचे स्तवन आले. फार्सात गावचा पाटील, सावकार, अंगात आणणारा भगत यांची फजिती. लोक पोट धरून हसत आणि घरी जाताना गप्प होत. गाणारे कोण? गिरणीत, गोदीत, रेल्वेत काम करणारे कामगार. दिवसा पाळी आणि रात्री जलसा.

इथे मोठा बदल झाला तो हा. गाणाऱ्याने देवाकडे पाठ केली आणि तोंड आपल्या माणसाकडे वळवले. चोखोबा दाराकडे बघून गात होते. जलसाकार वस्तीकडे बघून गाऊ लागले. नमस्कारही बदलला. 'जोहार' गेला आणि 'जयभीम' आला. कामठीचे बाबू हरदास यांनी तो रूढ केला असे मानतात. जोहार वरच्याला घालायचा असे, जयभीम बरोबरीच्याला घालतात. म्हातारी माणसे सांगत की जोहार बंद झाला तेव्हा काही गावांत त्यावरूनच मारामाऱ्या झाल्या. साधा शब्द, पण तो न उच्चारल्याचा राग गावाला आला!

वामनदादा कर्डकांबद्दल किती लिहू? तुम्हा सगळ्यांच्या घरात त्यांची गाणी आहेत. जन्म १५ ऑगस्ट १९२२, सिन्नर तालुक्यातले देशवंडी गाव. मुंबईत पोटासाठी आले, मिळेल ती मजुरी केली. अक्षरओळख मोठेपणी झाली. कोणीतरी पत्र वाचून दाखवायला सांगितले आणि आपल्याला वाचता येत नाही याची लाज वाटली, तेव्हा ते शिकले, असे सांगतात. १९४३ पासून गाणी लिहू लागले ते १५ मे २००४ ला जाईपर्यंत लिहीत आणि गात राहिले. गावोगाव फिरले, लोकांच्या घरी राहिले, मिळेल ते खाल्ले. त्यांच्या गाण्यात अवघड शब्द नाही. काही विद्वान म्हणतात, ही कविता नव्हे, प्रचार. मला हे पटत नाही. उपाशी माणसाला भाकर कुठे मिळेल ते सांगणे हा प्रचार असेल तर असो.

वामनदादांची गाणी पुरुषांनी माइकवरून म्हटली. बायकांची गाणी माइकवर आली नाहीत. हेमा राईरकर आणि गी पॉयतवाँ या दोघा अभ्यासकांनी पुण्याकडच्या डोंगरी भागापासून सुरुवात करून महाराष्ट्रातल्या जात्यावरच्या ओव्या जमवल्या. त्यांचा आकडा लाखाच्या वर गेला. त्यात बाबासाहेबांवरच्या आणि रमाईंवरच्या ओव्या पुष्कळ आहेत. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या आपल्या भगिनींनी तर त्या भरभरून गायल्या. आता त्यातल्या बऱ्याच ओव्या इंटरनेटवर ऐकता येतात. मला माझ्या पुतणीने मोबाईलवर ऐकवल्या. पुरुषांच्या गाण्यात बाबासाहेब घटनाकार असतात, सिंह असतात. ओव्यांत ते भाऊ असतात. घरी येणार असतात, त्यांच्यासाठी सारवण करायचे असते. रमाई बहीण असते, तिचे दुःख आपल्या दुःखाशेजारी बसते. ज्या बाईने बाबासाहेबांना एकदाही पाहिले नाही ती त्यांच्यासाठी पाट मांडते. हा इतिहास कुठल्या गॅझेटिअरात मिळणार?

बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर शिकलेली पहिली पिढी लिहू लागली. औरंगाबादला मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात प्राचार्य म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून आले होते. त्यांनी आणि जनार्दन वाघमारे यांनी निग्रो साहित्याची ओळख मराठीत करून दिली. गंगाधर पानतावण्यांचे 'अस्मितादर्श' निघाले. माझ्या हाती लागलेली ती फाटकी पाने अशाच कुठल्यातरी मासिकातली असणार. फुल्यांनी पाठवलेल्या अर्पणपत्रिकेला शंभर वर्षांनी तिकडून कवितेच्या रूपात उत्तर आले, असे मला वाटते. मे १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरची हाक दिली गेली. नाव घेतले ते १९६६ साली अमेरिकेत निघालेल्या ब्लॅक पँथर पक्षावरून. संघटना काढली कोणी? नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले, म्हणजे कवी आणि लेखक! इलायापेरुमल समितीच्या अहवालाने अत्याचारांची यादीच देशापुढे मांडली होती. सरकार हलले नाही, कवी हलले.

त्याच १९७२ साली ढसाळांचा 'गोलपिठा' आला. प्रस्तावना विजय तेंडुलकरांची. ते पुस्तक मी युनियन ऑफिसच्या कपाटातून घरी आणले आणि दोन पाने वाचून लपवून ठेवले. घरात आई-बहिणी, आणि त्यात तर कामाठीपुऱ्याची शिवीगाळ. मला राग आला. आमच्या माणसाने असे लिहावे? पुढे कळले की अमेरिकेत लँग्स्टन ह्यूज या कवीचेही असेच झाले होते. १९२६ साली पहिले पुस्तक, १९२७ साली दुसरे. त्यात त्याने हार्लेमच्या गोरगरिबांची, दारू पिणाऱ्यांची, नाचगाण्याची भाषा आणली, तेव्हा कृष्णवर्णीयांच्याच वर्तमानपत्रांनी त्याला झोडपले. गोऱ्यांपुढे आपली लाज काढली म्हणाले. गोलपिठा पुन्हा वाचला तो दहा वर्षांनी. तेव्हा समजले की ढसाळ कोणाला विनवीत नाहीत, आपल्या माणसाला उपदेशही करीत नाहीत. ते सगळ्या जगाला आपल्या गल्लीत उभे करून दाखवतात, आणि त्या गल्लीच्याच शब्दांत. शब्द घाण असतील, पण ती घाण ज्यांनी केली ते पांढरे कपडे घालून फिरतात. तरीही सांगतो, त्यातल्या सगळ्याच कविता मला पटल्या नाहीत, आजही पटत नाहीत. दया पवारांचा 'कोंडवाडा' (१९७४) मला जास्त जवळचा वाटतो. हिरा बनसोडे, ज्योती लांजेवार यांनी पुढे आणखी एक दार उघडले. बाहेरचा छळ सगळे सांगतात, त्यांनी आपल्या घरातल्या छळाबद्दलही विचारले. हे आपल्याला ऐकायला जड जाते, तेव्हा जरूर वाचा.

आपल्या भागाशी नाते असलेले एक नाव राहिले, नारायण सुर्वे. ते उतारवयात इथे कर्जत तालुक्यातच, नेरळला राहत होते. तान्हे असताना गिरणीच्या परिसरात टाकलेले मूल, गिरणी कामगार गंगाराम सुर्व्यांनी वाढवले. जात कोणती ते कोणालाच ठाऊक नाही. मोठेपणी ते गिरणीत राबले, शाळेत शिपाई झाले, मग शिक्षक झाले आणि १९९५ साली परभणीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. जात विचारल्याशिवाय माणूस कळत नाही म्हणणाऱ्यांनी या माणसाचे काय करायचे ते सांगावे.

एक प्रसंग लिहायला हात जड होतो. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला. दहा जीव गेले. शाहीर विलास घोगरे मुलुंडला राहत. गिरणीच्या दारात, मोर्चात, झोपडपट्टीत गाणारा हा माणूस आयुष्यभर डाव्या चळवळीत वावरला. गोळीबारानंतर चार दिवसांनी त्यांनी आपल्या झोपडीत जीवन संपवले. डोक्याला निळे फडके बांधलेले होते. आनंद पटवर्धन यांनी त्यावरून सुरुवात करून 'जयभीम कॉम्रेड' हा चित्रपट केला, तो जरूर बघावा. मी तेव्हा सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा होतो. आमच्या मिलच्या गेटवर बातमी आली तेव्हा एक जुना कामगार एवढेच म्हणाला, "शाहीर कोणाला गाऊन दाखवणार होता?" त्या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ तेव्हा नव्हते.

आता माझी स्वतःची चूक लिहितो. १९८७ सालची गोष्ट. मी अठरा वर्षांचा, नवीन नवीन पुस्तके वाचलेला, बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ. आजी तांदूळ निवडत चोखोबाचे काहीतरी म्हणत होती. पिठाची गिरणी आल्यामुळे जाते कोपऱ्यात गेले होते, पण गाणे गेले नव्हते. मी तिला म्हटले, "आजी, आपण बौद्ध झालोत. आता ही विठोबाची रडगाणी बंद कर." ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "बरं रं बाबा, तू शिकलेला." त्या दिवसापासून ती गायली नाही. चोखोबाचे नाही आणि भीमरायाचेही नाही. दोन्ही तिच्यालेखी एकाच दोऱ्यात ओवलेले होते. एक ओढले तसे दुसरे सुटले. १९९१ साली ती वारली.

मग कधीतरी वाचनात आले की 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ बाबासाहेबांनी तिघांच्या स्मृतीस अर्पण केला आहे : नंदनार, रविदास आणि चोखामेळा. ते पान उघडे ठेवून मी बराच वेळ बसलो. बाबासाहेबांनी विठोबा मानला नाही, पण दारात उभ्या राहिलेल्या माणसाला विसरले नाहीत. मी अठराव्या वर्षी बाबासाहेबांच्याही पुढे गेलो होतो!

आपल्या जयंतीत आता डीजे असतो. मुले नाचतात, नाचू द्यावीत, वर्षातून एक दिवस आपला आहे. पण छाती हादरते आणि शब्द ऐकू येत नाही. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज यात्रेत विठोबाच्या गाण्यात ऐकू येतो आणि चौदा एप्रिलला भीमगीतात. माझ्या आजीला ते आवडले असते.

गेल्या वर्षावासापासून मी विहारात एक वही ठेवली आहे. वस्तीतल्या आजींकडून ओव्या, पाळणे, जलशातली उरलेली पदे लिहून घेतो. आतापर्यंत त्रेचाळीस झाली. पेन काढले की आजी थांबतात, म्हणून पुतणी मोबाईलवर भरून घेते आणि मी घरी बसून उतरवतो. कोणते गाणे बौद्ध आणि कोणते नव्हे हे मी आता ठरवीत नाही. सगळी लिहितो. मिलमध्ये रोज टनावारी लिहिलेला कागद लगदा होताना बघतो, त्यामुळे दोन प्रती काढल्या आहेत. एक विहाराच्या कपाटात, एक माझ्या घरी.

माझ्या आजीची घागरीची ओवी मात्र त्या वहीत नाही. पहिली ओळ मला येते, दुसरी येत नाही. आईलाही आठवली नाही, आत्याला विचारले, तिलाही नाही. मावळातून, घाटावरून साजगाव-खोपोलीला आलेली आपली बरीच घरे आहेत. कोणाच्या म्हातारीला, लांब उभ्या राहिलेल्या बाईची आणि भरलेल्या घागरीची ओवी येत असेल तर रविवारी वंदना झाल्यावर मला विहारात भेटा. आठवडाभर मी पहिल्या पाळीला असतो, दुपारी चारनंतर घरीच असतो.